समोर बसलेले टिपणीसकाका

दर रविवारी सकाळी मी एका परपुरुषाकडे चांगले दोन तास टक लावून बघत बसते आणि माझ्या नवऱ्याची त्याला काडीचीही हरकत नाही. उलट मी निघाले की पेपरातून डोकं वर न काढता "काकांना नमस्कार सांग" म्हणतो. या परपुरुषाचं वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर मागून पुढे आणलेले थोडे केस, आणि नाक असं की त्यात दोन चेहऱ्यांचं भागलं असतं. नाव शरद टिपणीस. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात आणि सगळा नौपाडा त्यांना टिपणीसकाका म्हणतो.

टिपणीसकाका बसतात. तसे सगळेच बसतात, पण काका बसतात तसं कुणी बसत नाही. एकदा खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर नजर लावली, की मग पापणी लवते तेवढीच. एकदा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर माशी येऊन बसली. जागा ऐसपैस असल्यामुळे तीही निवांत होती. आम्ही सगळे कासावीस झालो, पण काकांनी नाक हलवलं नाही. आमच्या वर्गातल्या एका दंतवैद्यांनी तर तो तीळ समजून चित्रात रंगवलासुद्धा.

आमचा वर्ग म्हणजे परबसरांचा चित्रकलेचा वर्ग. इमारतीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. तिथे बारशी होतात, साखरपुडे होतात, साड्यांचे सेल लागतात आणि रविवारी सकाळी आम्ही जमतो. सगळे हौशी. मी बँकेतली नोकरी संपता संपता पेन्सिल हातात घेतली, बाकीचेही असेच उशिरा सुचलेले. समोर माणूस बसवून त्याचं चित्र करायचं, हा सरांचा आग्रह. "फोटो बघून काढशात तर फोटोच काढशात," असं ते म्हणतात. आता रविवारी सकाळी ठाण्यात दोन तास न हलता बसणारा माणूस आणायचा कुठून? ठरवलेली माणसं आयत्या वेळी टांग द्यायची.

अशाच एका रविवारी काका खाली आले होते ते भांडायला. चित्रांचे स्टँड ओढल्याचा आवाज थेट त्यांच्या घरात जायचा. सर दारात उभं राहून फोनवर, न आलेल्या माणसाला मालवणीतून चार शब्द सुनावत होते. त्यांचं होईपर्यंत म्हणून काका रिकाम्या खुर्चीवर टेकले. सर फोन ठेवून वळले तर खिडकीचा उजेड बरोबर काकांच्या नाकावर पडलेला. सर ओरडले, "हलू नका!"

काका हलले नाहीत. दोन तास. मधेच कुंदाकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, शोधत खाली आल्या. "अहो, दोन मिनिटांत येतो म्हणालात ना? हे काय आरंभलंय?" यावर काकांनी ओठ न हलवता उत्तर दिलं, "कुंदा, मला हलवू नकोस." वर्ग संपल्यावर ते उठले, पाय झटकले आणि सरांना म्हणाले, "तुमच्या स्टँडांचा फार आवाज होतो."

"पुढच्या रविवारी येशात?" सरांनी विचारलं.

"किती वाजता?" काका म्हणाले.

तेव्हापासून ते आमचे झाले. बसल्यावर दर वेळी ते एकच वाक्य बोलतात, "चालू द्या. मी नाहीच असं समजा." ज्याचं चित्र काढायचं तो नाहीच असं समजून कसं काढायचं, हे आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एकदा मी विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?"

"अगं, कसला कंटाळा? मी वागळे इस्टेटमध्ये पंख्यांच्या कारखान्यात होतो. तपासणी खात्यात. पाती फिरताना डगमगतायत का, एवढंच आयुष्यभर बघितलं. आता जरा माझ्याकडे कुणी बघू दे. मी डगमगत नाही."

बघण्याबद्दल काकांची स्वतःची मतं आहेत आणि ती चहाच्या सुट्टीत ऐकायला मिळतात. "डॉक्टर बघतो ते दुखणं शोधायला. वाणी बघतो ते हातातली पिशवी केवढी आहे ते. बायको बघते ते शर्टाला डाग पडलाय का. नुसता माणूस बघतो तो चित्रकार. त्याला माझ्याकडून काही नको असतं." कोण कुठे बघतंय ते त्यांना न बघता कळतं, असाही त्यांचा दावा आहे. मधूनच खिळ्यावरची नजर न काढता विचारतात, "डाव्या कानाकडे कोण आहे? गुदगुल्या होतायत." आणि खरंच कुणीतरी त्या कानाशी झटापट करत असतं.

एकदा चहा पिताना ते सहज म्हणाले, "मेधा, निवृत्त झाल्यावर माणूस हळूहळू दिसेनासा होतो बरं का. रिक्षावाला थांबत नाही, दुकानदार मागच्याला आधी विचारतो, लग्नात फोटोवाला आपल्याला ओलांडून पुढे जातो. इथे बसलं की मी पुन्हा दिसायला लागतो." आणि लगेच बिस्किट चहात बुडवून त्यांनी विषय बदलला.

चित्र पूर्ण झालं की काका उठून सगळ्यांची चित्रं बघत फिरतात. कुठल्याच चित्राला वाईट म्हणत नाहीत. मान तिरकी करून, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं म्हणतात, "माणूस बरा दिसतोय." घोडबंदर रोडवरून येणारी आयटीतली एक मुलगी आहे, रुचिता. तिने एकदा त्यांना आपादमस्तक हिरवं रंगवलं. "काका, सॉरी हां, मला ना तुमची व्हाइबच ग्रीन वाटली." काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माणूस बराय. पण त्याला घरी पाठवा, पित्त झालंय."

माझ्या चित्राशी मात्र ते जरा जास्त थांबतात. मी कितीही धडपडले तरी माझे टिपणीसकाका माझ्या कल्याणच्या मामासारखे दिसतात. काका म्हणतात, "तू बघत नाहीस मेधा. मी तुला आधीच माहीत आहे ना, म्हणून तू बघायचे कष्ट घेत नाहीस. शेजाऱ्याचं चित्र काढतेस तू." मला तेव्हा रागच आला होता. एवढं दोन तास डोळे फोडून बघायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं.

ही सगळी चित्रं आम्ही काकांनाच भेट देतो, कारण आमच्या घरी कुणाला ती नको असतात. कुंदाकाकूंनाही नको असतात. काकू म्हणजे एके काळच्या ठाण्यातल्या देखण्या बायकांतल्या एक, आणि हे त्या स्वतः विसरलेल्या नाहीत. आजही कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जाताना पावडर, टिकली, केसात फूल. त्यांच्या घरात ही सगळी चित्रं बेडरूमच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. "घरात एक टिपणीस आहेत तेवढे पुरेत," काकू सांगतात. "एक बाहेर लावलं होतं हो. इस्त्रीवाला ते बघून विचारतो, काका कधी गेले?"

काकांचं हे बसणं म्हणजे व्रतच झालं होतं. एकदा चित्र अर्धं राहिलं तेव्हा सर सहज म्हणाले, "पुढच्या रविवारी असेच्या असे या." काकांनी ते अक्षरशः घेतलं. न्हाव्याला हात लावू दिला नाही. तपकिरी शर्ट धुवायला दिला नाही, कारण त्याच्या बाहीची चुणी चित्रात अर्धी झाली होती. नेमकं मधल्या दिवशी कल्याणला काकूंच्या भाच्याचं लग्न. काका तिथे त्याच शर्टात, त्याच वाढलेल्या मिशांत हजर. त्या लग्नाचा व्हिडिओ काकूंनी मला दाखवला आहे. अक्षता पडतायत, बायका हसतायत, पोरं धावतायत आणि मधोमध टिपणीसकाका नजर मंडपाच्या खांबाला लावून उभे. कॅमेरा दिसला की ते आपोआप थांबतात. "माहेरच्या माणसांनी मला बाजूला घेऊन विचारलं, शरदरावांना काही झालंय का म्हणून," काकू सांगतात आणि पदराने डोळे पुसत हसतात.

तर असे हे टिपणीसकाका एका रविवारी आले नाहीत.

सरांनी वाट बघितली आणि शेवटी एक माठ टेबलावर ठेवला. माठही हलत नव्हता. पण माठाच्या डाव्या कानाला गुदगुल्या होत नाहीत. पुढच्या रविवारीही काका नाहीत. फोन केला तर "जरा कामात आहे" एवढंच. रुचिता रडवेली झाली. "ग्रीन केलं म्हणूनच रागावले ना ते? आता मी त्यांना नॉर्मल कलरमध्ये काढून देते." दंतवैद्यांना वाटलं, त्या तिळावरून दुखावले असतील. चित्र काढणाऱ्यांना एक खोड असते, जगात जे काही होतं ते आपल्या चित्रामुळेच होतं असं त्यांना वाटतं. मीही मामाचा संशय घेतला.

आणि मग कामतबाईंनी बाँब टाकला.

कामतबाई समोरच्या इमारतीत राहतात. त्यांची बाल्कनी बरोबर टिपणीसांच्या खिडकीसमोर. भाजी घेताना त्यांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "मेधा, कुणाला सांगू नकोस," म्हणाल्या, म्हणजे आतापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. "तुमचे टिपणीस मला डोळा मारतात."

"कोण? आमचे काका?"

"डावा डोळा. मारतात म्हणजे मारतच राहतात गं. सकाळी मी कपडे वाळत घालायला आले की हे खिडकीत हजर. आधी भुवई उडवतात. मग डोळा. मग गाल फुगवतात आणि शेवटी ओठांचा असा चंबू!" कामतबाईंनी भर रस्त्यात चंबू करून दाखवला. भाजीवाला बघतच राहिला.

मी हसले. पण पुढचं ऐकून हसू मावळलं. कामत स्वतः जाब विचारायला टिपणीसांच्या दारात गेले होते. काका बाहेर आले, दार मागे ओढून घेतलं, खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि "माफ करा" एवढंच म्हणाले. का, कशासाठी, काहीही नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला आणि उरलेल्या अर्ध्यातून चंबू चालूच. आता कामत सोसायटीत लेखी तक्रार करणार होते. म्हातारपणी डोकं फिरलंय म्हणून मुलाला कळवायचं का, अशीही चर्चा दोन्ही इमारतींत रंगली होती. ज्या माणसाने नाकावरची माशी हलवली नाही, तो गाल फुगवतो? मला काही पटेना. मी घरी आले, अळूवड्या तळल्या, डबा भरला आणि पहिल्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

काकांनी दार वीतभर उघडलं. दाढी वाढलेली. डोळे ओढलेले. "कुंदा झोपलीय," म्हणाले.

आतून भांड्याचा आवाज आला.

"काका," मी म्हटलं, "कामतबाई काय सांगतायत ते मला खरं वाटत नाही. पण तुम्ही बोलला नाहीत तर बाकीच्यांना वाटेल."

 काका बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मीही बसले.

"एका सकाळी कुंदा चूळ भरायला गेली आणि पाणी एका बाजूने गळायला लागलं," काका हळू आवाजात सांगू लागले. "मला म्हणाली, अहो, माझं तोंड ऐकत नाहीये. मी बघितलं तर डावी बाजू सगळी खाली आलेली. डोळा मिटेना.  मला वाटलं, अर्धांग. तशीच रिक्षात घातली. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंब दिले. बहुतेकांचं बरं होतं म्हणाले, वेळ लागतो. आणि व्यायाम करायचा. आरशासमोर बसून."

"मग?"

"मग काय? तिने आरसे काढले. बेसिनवरचा निघेना तर त्यावर टॉवेल टाकलाय. स्टीलच्या डब्यांत दिसतं म्हणून डब्यांवर फडकी. म्हणाली, हे तोंड कुणी बघायचं नाही. मुलाला कळवायचं नाही. शेजारीपाजारी नाही. तुम्हीसुद्धा नाही. जेवायला बसली तरी माझ्याकडे पाठ. मी शब्द दिला, नाही बघणार. त्या दिवसापासून मी घरात जमिनीकडे बघत चालतो. दोनदा फ्रिजवर आपटलो."

काकू या काकू असल्यामुळे मला ते लगेच समजलं. ज्या बाईला कोथिंबीर आणायलाही केसात फूल लागतं, तिच्यावर ही वेळ.

"पण व्यायाम नाही केला तर तोंड असंच राहील," काका म्हणाले. "आणि मला दुसरं काय येतं, मेधा? बसता येतं. मी म्हटलं, तुला आरसा नको ना? मी समोर बसतो. मी तोंडं करतो, तू बघून तशीच कर. माझ्यावर उजेड नीट पडावा म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसतो. ती खिडकीकडे पाठ करून, अंधारात. आणि मी बघतो तिच्या डोक्यावरून पलीकडे. तिकडे खिळा नाहीये गं. कामतांच्या बाल्कनीत एक निळं पिंप आहे. तेवढंच धरून बसतो."

मला हसू आणि रडू एकदम आलं. "अहो, मग कामतांना सांगायचं ना सरळ!"

"कसं सांगणार? कुंदाला शब्द दिलाय. मला म्हणतील ते म्हणतील." त्यांनी पायरीवरची धूळ बोटाने पुसली. "मला भीती वेगळीच आहे. इतके दिवस झाले, डोळा अजून मिटत नाही म्हणते. ती बरोबर करतेय की चुकतेय, ते मला कळायला मार्गच नाही. मी तर बघत नाही. मेधा, तू बघायला शिकतेस ना? तू बघशील?"

मग काका आत जाऊन परवानगी मागून आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. शेवटी काकूंचा निरोप आला. ये म्हणावं. पण च्‌च्‌ करायचं नाही आणि वहीपेन्सिल घेऊन ये. नुसतं बघायचं नाही.

मी धावत घरी जाऊन चित्रांची वही आणली. काकू खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, तोंडावर पदर. मी समोर बसले, हात लांब करून पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला. सर शिकवतात ते सगळं केलं. हातात पेन्सिल असली की बघणाऱ्यालाही धीर येतो आणि बघून घेणाऱ्यालाही. काकूंनी पदर खाली घेतला.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? पण मी च्‌च्‌ केलं नाही. डावी भुवई कुठे, उजवी कुठे, ओठांचा कोपरा नाकापासून किती खाली, मोजत गेले. मोजता मोजता भीती गेली. या बाईला मी वीस-पंचवीस वर्षं ओळखते आणि तिच्या हनुवटीला खळी आहे हे मला त्या दिवशी दिसलं.

"आता करा व्यायाम," मी म्हटलं.

काका समोरच्या खुर्चीवर बसले, नजर निळ्या पिंपावर. डाव्या हाताचं बोट डाव्या गालाशी लावून त्यांनी तोंडाचा डावा कोपरा वर उचलला. समोर काकूंनी त्यांचं बघून बोट लावलं आणि कोपरा उचलला. उजवा. काकांनी डावा डोळा मिटला. काकूंनी उजवा मिटला, अगदी झोकात. काकांनी डावा गाल फुगवला. काकूंचा उजवा गाल फुगला.

"काकू," मी म्हटलं, "दुखणं डाव्या बाजूला आहे ना?"

"हो."

"मग तुम्ही व्यायाम उजवीचा का करताय?"

"हे करतात तसं करते." काकूंना बोलताना प, ब, म नीट येत नव्हते, पण तोरा शाबूत होता. "समोरून असंच तर दिसतं."

आता माझ्या लक्षात आलं. काका मोठ्या काळजीने स्वतःची डावी बाजू हलवत होते, कारण काकूंची डावी बिघडली होती. पण समोरासमोर बसलं की समोरच्याचं डावं आपल्या उजवीकडे येतं. आरसा असता तर हा घोळ झाला नसता. आणि काका तोंडाने काही सांगतही नव्हते, कारण त्यांचं तोंड व्यायामातच गुंतलेलं. इतके दिवस दोघं मिळून धडधाकट बाजूला तालीम देत होती.

"पण काकू, तुम्हाला कळलं नाही, ही चांगली बाजू आहे म्हणून?"

"कळलं की. मला वाटलं, आधी चांगलीला शिकवायचं असेल. तिचं बघून ही शिकेल."

मी इतकी हसले की वही खाली पडली. काकूही हसल्या. अर्धंच हसू आलं, पण आवाज पूर्वीचाच. पदर घ्यायचं विसरून हसल्या. आणि काका? काका अजून पिंपाकडेच बघत होते. "काय झालं? अगं, काय झालं? मला कुणी सांगेल का?"

सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "पंख्याची पाती उलटी लावली की मी! हवाच लागणार नाही!"

आणि त्या हसण्याच्या भरात मी बोलून गेले, "आणि त्यापायी कामतबाईंना फुकट डोळे मारत बसलात."

काकूंचं हसणं थांबलं. "कामतबाईंचं काय?"

काका मला खुणा करायला लागले, पण काकूंना खुणा कळल्या. मग मला सगळं सांगावंच लागलं. कामतांचं येणं, काकांचं मान खाली घालून माफी मागणं, ती लेखी तक्रार, दोन्ही इमारतींतली चर्चा. काकांनी यातला एक शब्द घरात सांगितला नव्हता.

काकू उठल्या. मला वाटलं, आतल्या खोलीत जातील. त्या खिडकीशी गेल्या, अर्धा पडदा सर्रकन पूर्ण बाजूला केला आणि हाक मारली, "ओ कामतबाई! या, बाहेर या जरा!"

कामतबाई हात पुसत बाल्कनीत आल्या. मागून कामत.

"हे बघा माझं तोंड!" काकूंनी गजांना धरून चेहरा पुढे केला. "नीट बघून घ्या. मला बरं नाही म्हणून हे मला व्यायाम दाखवतात. ते तुमच्याकडे बघत नव्हते. तुमच्या पिंपाकडे बघत होते!"

कामतबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई, कुंदाताई! आधी का नाही सांगितलंत? थांबा, मी येते. कामतही येतील माफी मागायला." एवढ्यात वरच्या, खालच्या, बाजूच्या खिडक्या उघडल्या. सगळ्यांनी बघितलं. काकू हलल्या नाहीत.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. त्या दिवसानंतर काका उजवी बाजू हलवायला लागले आणि मी रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन जाऊ लागले. आधी नाकाशेजारी एक बारीकशी घडी उमटली. मग एक दिवस डोळा मिटला. डॉक्टर म्हणाले, तो त्याच्या वेळेला मिटलाच असता. आम्ही त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही. आता फार दमल्या की ओठांचा कोपरा जरा सैल पडतो, एवढंच. घरातले आरसे जागेवर आले. काका रविवारी खाली येऊन पुन्हा बसायला लागले. रुचिताने त्यांना मिठीच मारली.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं, खिडकीतलं.

काकू खिडकीतून वळल्या. धाप लागली होती. काका खुर्चीतच होते, आणि त्यांनी नजर पटकन जमिनीकडे वळवली होती. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अहो, आख्ख्या नौपाड्याने बघितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी बघणार?"

"शब्द दिलाय ना तुला."

"इतके दिवस एकदाही नाही बघितलंत?"

"नाही."

"मी झोपले असतानासुद्धा?"

"कूस बदलून झोपतो मी."

काकू त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.  "वाटलं होतं, चोरून तरी बघाल," त्या म्हणाल्या.

  काकूंनी मग स्वतःच खुर्ची ओढली, फिरवली आणि खिडकीचा सगळा उजेड तोंडावर घेतला.

"बघा आता," त्या म्हणाल्या. "सावकाश बघा."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि मान वर केली. त्यांची हनुवटी थरथरत होती, हात थरथरत होते, सगळा माणूस थरथरत होता. पण नजर त्यांनी काढली नाही.

मी वही उचलली. चपला हातात घेतल्या.

"मेधा," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे गं."